गोल बैठकीच्या वेताच्या खुर्चीची वीण: सहा फेऱ्या आणि एक काठ

वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची ही खुर्ची आपल्याला इराणी हॉटेलांमुळे माहीत आहे. मूळ घडण थोनेट या फर्निचर कारखान्याची, १४ नंबरची, १८५९ सालची. पुढे अनेक कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या, म्हणून जुन्या बाजारात मिळणारी प्रत्येक खुर्ची थोनेटचीच असेल असं नाही. दुरुस्तीच्या दृष्टीनं त्यानं फारसा फरक पडत नाही. लाकूड बहुतेक वेळा ठीक असतं, बैठक मात्र फाटलेली असते. मग कुणी त्यावर प्लायवूडची चकती ठोकतं, कुणी बाजारातली तयार जाळी आणून चुका मारतं, आणि जे हातानं विणायला बसतात ते तिरक्या पट्ट्यांवर येऊन अडकतात.

अडकायचं कारण जवळजवळ ठरलेलं आहे. वीण चौथ्या फेरीत बिघडते आणि ते पाचव्या फेरीत कळतं. (फेरी म्हणजे इथे गोल चक्कर नव्हे, तर सगळ्या बैठकीवर एका दिशेनं घातलेल्या पट्ट्यांचा एक थर.) तोवर निम्म्याहून जास्त वेत लागलेला असतो आणि उसवायचा जीव होत नाही. म्हणून या लेखात तयारी आणि पहिल्या चार फेऱ्या यांनाच जास्त जागा दिली आहे. पहिल्या खुर्चीला दोन शनिवार-रविवार धरा. एका बैठकीत उरकायचं हे काम नाही.

टप्पा १: बैठक कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

खुर्ची उलटी करा. बैठकीच्या कड्याला आरपार भोकांची ओळ असेल तर ती हातानं विणायची खुर्ची. भोकं नाहीत, पण कड्याच्या वरच्या बाजूला गोल खोबण आहे आणि तिच्यात वेताची जाड पट्टी ठोकून बसवली आहे, तर तिथे तयार विणलेली जाळी बसते. त्याची रीत शेवटी थोडक्यात दिली आहे. तिसरा प्रकार प्लायवूडच्या बैठकीचा. इराणी हॉटेलांत असल्याही खुर्च्या असतात. त्यात प्लायवूड मुळातलंच असेल तर वेताचा हट्ट धरू नका.

प्लायवूड नंतर कुणी ठोकलेलं आहे का, हे कड्याच्या खालून कळतं. भोकं बुजलेली दिसतील, पण दिसतील.

कड्याच्या आतल्या बाजूला कागदी चिठ्ठी किंवा उमटवलेला छाप आहे का तेही आत्ताच बघा. थोनेट, कोहन, मुंडुस ही नावं तिथे सापडू शकतात. सापडलं तर फोटो काढा आणि त्या भागाला पॉलिश पेपर लावू नका.

> सावधान: भोकांच्या कड्यावर मशीननं खोबण पाडून देतो असं सांगणारे सुतार भेटतात. नको म्हणा. कडं मुळात बारीक, त्यात आधीच भोकांची ओळ. खोबण पाडल्यावर त्यात जीव राहत नाही.

टप्पा २: सामान जमवा

वेत म्हणजे इथे वेताची चिरलेली साल. एक बाजू चकचकीत, दुसरी खरबरीत. दुकानात नुसतं ‘वेत’ मागितलंत तर अख्ख्या काठ्या पुढे येतील. ‘खुर्ची विणायचा चिरलेला वेत’ म्हणा आणि रुंदी सांगा. ती डोळ्यानं ठरवू नका. एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढा, आणि त्याप्रमाणे घ्या:

- अंतर ९ ते १० मि.मी. असेल तर २ मि.मी. रुंद वेत
- १२ ते १३ मि.मी. असेल तर २.२५ मि.मी.
- १६ मि.मी.च्या आसपास असेल तर २.५ मि.मी.
- १९ मि.मी.च्या आसपास असेल तर ३ मि.मी.

दुकानदाराकडे नेमकी रुंदी नसेल तर एक पायरी बारीक घ्या. रुंद वेत पहिल्या चार फेऱ्यांत छान भरगच्च दिसतो आणि तिरक्या पट्ट्यांना जागाच ठेवत नाही.

साधारण ४० सें.मी.च्या कड्याला, भोकांत १२-१३ मि.मी. अंतर असेल तर, ५० ते ६० मीटर वेत प्रत्यक्षात लागतो. तुटफूट आणि टोकं धरून ८० मीटर आणा. शिवाय काठासाठी ४ ते ५ मि.मी. रुंदीची एकच लांब पट्टी हवी, कड्याच्या घेरापेक्षा वीतभर जास्त.

घेताना एक पट्टी बोटाभोवती कोरडीच वळवून बघा. चकचकीत सालीला लगेच बारीक भेगा पडल्या, तर माल जुना किंवा उन्हात पडून राहिलेला आहे. मागच्या बाजूला जाडी एकसारखी आहे का हेही अंगठ्यानं बघावं.

बाकी सामान घरचंच: चांभाराची आरी किंवा टोच्या, कातरीपेक्षा बरा असा वायर कापायचा कटर, बादली, स्पंज, जुना टॉवेल, आणि वीस-पंचवीस खुंट्या. खुंट्या म्हणजे भोकात घट्ट बसतील अशा निमुळत्या लाकडी काड्या. बांबूच्या कामटीच्या चाकूनं तासून करता येतात. खिळे किंवा स्क्रू खुंटी म्हणून वापरू नका. ओल्या वेतावर लोखंडाचा काळा डाग पडतो आणि तो जात नाही.

प्लॅस्टिकच्या पट्टीबद्दल एवढंच सांगतो, की ती टिकते, पण वाळताना आखडत नाही. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांना ती असते. ती वापरायची तर प्रत्येक फेरी पहिल्यापासून घट्ट ओढावी लागते. पुढे ताणाबद्दल जे लिहिलं आहे ते खऱ्या वेतापुरतं आहे.

टप्पा ३: आधी सांगाडा, मग वेत

हा टप्पा गाळल्याचा पस्तावा सर्वात महाग पडतो. वेत वाळताना आखडतो आणि कड्याला चहूबाजूंनी आत ओढतो. कडं सुटलेलं असेल तर ते आणखी उघडतं.

थोनेटच्या मूळ घडणीत सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढंच असतं, त्यामुळे खुर्ची सोडवणं अवघड नाही. सोडवण्याआधी प्रत्येक सांध्याला मास्किंग टेपवर आकडा लिहून चिकटवा. डावा पाय आणि उजवा पाय सारखे दिसतात, पण इतक्या वर्षांत प्रत्येकाची आपली जागा झालेली असते. काही जुन्या खुर्च्यांत पुढच्या पायांच्या डोक्यालाच लाकडी आटे असतात. ते ओढून काढायचे नाहीत, पिळून काढायचे.

कडं हातात आल्यावर दोन गोष्टी बघा. एक, त्याचा तिरका सांधा. कडं एका वाकवलेल्या पट्टीचं असतं आणि तिची दोन टोकं एकमेकांवर उतरती चिकटवलेली असतात. नखानं दाबून बघा, फट हलली तर जुना सरस खरवडून नवा गोंद भरा आणि क्लॅम्प लावून २४ तास ठेवा. दुसरं, कडं गोल राहिलंय का. पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे असे दोन व्यास मोजा. तीन-चार मिलिमीटरचा फरक चालतो.

लाकडात कीड असेल तर भोकांतून पिठासारखा बारीक भुसा पडतो. कीडनाशक आत्ताच, वेत नसताना मारा. पॉलिशही आत्ताच. विणल्यावर पॉलिश करायला गेलात तर चकचकीत साल ते घेत नाही आणि पट्ट्यांच्या कडा घेतात, सगळी बैठक चट्टेपट्टे दिसते.

> तपासा: पॉलिश पूर्ण सुकलंय, गोंद धरलाय, खुर्ची पुन्हा जोडून सपाट फरशीवर डुगडुगत नाही. हे झाल्याशिवाय वेत भिजवायला घेऊ नका.

टप्पा ४: भोकं साफ करा

जुना वेत कापण्याआधी त्याचा वरून आणि खालून फोटो काढा. मग बैठकीच्या मधोमध गोल कापून जाळी काढा, पण काठाजवळचा तळहाताएवढा तुकडा जपून ठेवा. पुढे तिरक्या पट्ट्या काठाला कशा गेल्या होत्या ते तोच दाखवतो.

काठाची पट्टी उचला. खालच्या गाठी कापा. अडकलेला वेत आरीनं ढकलून काढा. काही भोकांत लाकडी मेखा ठोकलेल्या सापडतील, त्या बोथट खिळ्यानं खालून हलकेच ठोकून वर काढा. ड्रिल हा शेवटचा उपाय. वापरलंच तर भोकापेक्षा बारीक बिट घ्या आणि हातानं फिरवता आलं तर उत्तम.

आता जे कुणी करत नाही ते: प्रत्येक भोकाची वरची आणि खालची कड पॉलिश पेपरची सुरळी घालून गुळगुळीत करा. कड्याची आतली धारही मोडा. बैठक भोकाच्या तोंडाशीच तुटते, मधे क्वचित. धारदार भोक वेताला रोज थोडं थोडं कापत असतं.

टप्पा ५: मध्य काढा

सगळी भोकं मोजा. आकड्याला चारनं भाग जात असेल तर काम सोपं. ८४ असतील तर दर २१ भोकांनंतर एक खुंटी: मागचा मध्य, उजवा, पुढचा, डावा. मागचा मध्य पाठीच्या दोन दांड्यांच्या बरोबर मधे आला पाहिजे. भाग जात नसेल तर पुढे आणि मागे दोन्हीकडे मध्य दोन भोकांच्या मधे धरा. एकीकडे भोकावर आणि दुसरीकडे दोन भोकांच्या मधे असं केलंत तर प्रत्येक पट्टी किंचित तिरकी जाईल.

चार खुंट्यांना दोन दोरे बांधा आणि मधे गुण्या लावा. काटकोन आला की खडूनं खुणा करा.

टप्पा ६: वेत भिजवा

कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं. गार पाणी असेल तर अर्धा तास. एका वेळी दोन-तीनच पट्ट्या टाका. एक वापरायला काढली की दुसरी टाकायची. रात्रभर भिजवलेला वेत काळपट पडतो आणि त्याला लव सुटते. थोडं ग्लिसरीन पाण्यात घातलं तर वेत उशिरा वाळतो, उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो. आणि विणताना पंखा बंद ठेवा. घाम येईल, पण डोक्यावर पंखा फिरत असेल तर पट्टी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कडक झालेली असते.

पट्टीला एक दिशा असते. चकचकीत बाजूवरून बोट फिरवा. एका दिशेनं पेरांवरून बोट सरकतं, उलट दिशेनं अडतं. ओढताना पेर अडणार नाहीत अशीच दिशा ठेवा. पहिल्या तीन फेऱ्यांत याचं महत्त्व जाणवणार नाही. चौथीपासून जाणवेल.

टप्पा ७: पहिली फेरी, उभी

खुर्चीच्या समोर बसा. ‘उभी’ म्हणजे पाठीकडून तुमच्याकडे येणारी.

पट्टीचं एक टोक मागच्या मध्याच्या भोकातून खाली सोडा, १० सें.मी. शेपूट ठेवा, खुंटी ठोका. चकचकीत बाजू वर ठेवून पट्टी पुढच्या मध्याच्या भोकात न्या, खाली ओढा, खुंटी. मग खालून शेजारच्या उजव्या भोकातून वर काढा, मागे न्या, मागच्या शेजारच्या भोकातून खाली. असं उजवीकडे जात राहा. पहिली शेपटाची खुंटी तशीच ठेवून बाकीची खुंटी पुढे पुढे हलवायची. कड्याच्या खालूनही पट्टी पिळली जाऊ देऊ नका.

किती ताणायची? बोटानं मधे दाबली तर सेंटिमीटरभर खाली जाईल इतकी सैल. ही फेरी तारेसारखी ओढणं ही नवख्यांची हमखास चूक. पुढे तिच्या वरखालून पाच फेऱ्या जायच्या आहेत. प्रत्येक फेरी ताण वाढवते, आणि वाळल्यावर वेत आणखी आखडतो. आपल्याकडे अंधशाळांमधून खुर्ची विणणं शिकवलं जाई आणि कितीतरी अंध कारागिरांनी यावर घर चालवलं. ताण बोटानं ओळखायचा असतो, डोळ्यानं तो नीट कळतच नाही. मधूनमधून डोळे मिटून तळहात फिरवून बघा, सैल पट्टी ताबडतोब सापडते.

गोल बैठकीची खरी अडचण इथे सुरू होते. मधल्या भागात भोकामागून भोक घेत गेलात की पट्ट्या समांतर पडतात. पण कड्याच्या बाजूला वळण येतं आणि भोकं तुमच्या दृष्टीनं दाट होत जातात. तिथेही प्रत्येक भोक घेतलंत तर पट्ट्या एकमेकींना चिकटतील. म्हणून बाजूला आल्यावर भोकं वगळायची. नियम एकच: दोन पट्ट्यांमधलं अंतर मधे आहे तेवढंच कडेला राहिलं पाहिजे. मग त्यासाठी एक भोक सोडावं लागो की दोन.

उजवा अर्धा झाला की डावा. उजवीकडे जी भोकं सोडली तीच डावीकडे सोडा. कागदावर लिहून ठेवा, कारण तिसऱ्या फेरीत तीच लागणार.

> तपासा: खाली वाकून पट्ट्यांच्या पातळीत डोळा आणा. सगळ्या समांतर आहेत? दोन्ही बाजूंना सोडलेली भोकं सारखी आहेत? नसतील तर आत्ता उसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

टप्पा ८: दुसरी फेरी, आडवी

डाव्या मध्यापासून उजव्या मध्याकडे, मग तिथून पुढे आणि मागे. सगळ्या पट्ट्या पहिल्या फेरीच्या नुसत्या वरून जातात. विणायचं काही नाही. भोकं वगळण्याचा नियम तोच, फक्त आता पुढच्या आणि मागच्या वळणावर.

या फेरीत शेपटं बांधायला जागा मिळू लागते. शेपूट ओलं करा, कड्याच्या खालून गेलेल्या शेजारच्या वेढ्याखालून दोनदा काढून आवळा, सेंटिमीटरभर ठेवून कापा. कोरडं शेपूट बांधलं तर मोडतं.

टप्पा ९: तिसरी फेरी, पुन्हा उभी

पहिल्याच भोकांतून, पण दुसऱ्या फेरीच्या वरून. हीसुद्धा नुसती पसरायची. एक पथ्य आहे: तिसऱ्या फेरीची प्रत्येक पट्टी पहिल्या फेरीच्या पट्टीच्या उजव्या अंगाला राहिली पाहिजे. सगळीकडे उजव्या. भोकात वेत घालताना टोच्यानं आधीची पट्टी डावीकडे सारा, मग नवी घाला. दहा पट्ट्या उजवीकडे आणि चार डावीकडे असं झालं तर चौथी फेरी विणता येते, पण वीण बसत नाही.

टप्पा १०: चौथी फेरी, पहिली खरी वीण

इथून वेळ द्या. आधी सगळ्या बैठकीवर ओला स्पंज फिरवा.

चौथी फेरी आडवी आहे, दुसऱ्या फेरीच्या भोकांतून, आणि दुसऱ्या फेरीच्या पट्टीच्या तुमच्याकडच्या अंगाला राहणारी. उजवीकडून डावीकडे निघालात तर प्रत्येक उभ्या जोडीत आधी तिसऱ्या फेरीची पट्टी भेटते, मग पहिल्या फेरीची. तिसरीच्या वरून, पहिलीच्या खालून. पुढच्या जोडीला पुन्हा तेच. डावीकडून परत येताना क्रम उलटा भेटतो, म्हणजे आधी पहिलीच्या खालून, मग तिसरीच्या वरून. लोक चुकतात ते या परतीच्या वाटेवर. ‘आता वर, आता खाली’ असं मोजत बसू नका, पट्टी ओळखा. जी सगळ्यात वर आहे तिच्या वरून, जी सगळ्यात तळाला आहे तिच्या खालून.

पाच-सहा जोड्यांतून टोक ओवा, मग संपूर्ण पट्टी ओढा, मग पुढच्या पाच-सहा. एकदम सगळ्या ओळीतून ओढायला गेलात तर घर्षणानं तळची पट्टी कापली जाते. ओढताना दुसऱ्या हातानं पट्टी विणीच्या पातळीला धरा, वर उचलून ओढू नका.

दर तीन-चार ओळींनंतर दोन खुंट्या घेऊन जोड्या एकमेकींना चिकटवा: उभी जोडी एकत्र, आडवी जोडी एकत्र, मधे स्वच्छ चौकोन. ओलं असतानाच हे होतं. वाळल्यावर पट्ट्या जागच्या हलत नाहीत.

> तपासा, आणि घाई करू नका: पूर्ण झालेल्या विणीवर तिरपा प्रकाश टाका. प्रत्येक छेदावर चार पट्ट्यांची चटईसारखी वीण दिसली पाहिजे. एखाद्या छेदावर दोन पट्ट्या नुसत्याच एकमेकींवर पडलेल्या दिसल्या, तर ती ओळ चुकली आहे. ती इथेच सोडवा. पुढे जाऊन दुरुस्त होत नाही.

बैठक या टप्प्यावर थोडी आवळलेली, पण अजून दाबली तर हलणारी असायला हवी. ढोलकीसारखी वाजत असेल तर तिरक्या फेऱ्यांत काहीतरी तुटणार आहे.

टप्पा ११: पाचवी आणि सहावी फेरी, तिरक्या

वेत नव्यानं भिजवलेला घ्या आणि टोक तिरकं कापून अणकुचीदार करा. सुरुवात सर्वात लांब तिरक्या रेषेपासून करा, कड्याच्या डाव्या-मागच्या भागातून उजव्या-पुढच्या भागाकडे.

पाचवी फेरी एका दिशेच्या जोड्यांच्या वरून आणि दुसऱ्या दिशेच्या जोड्यांच्या खालून जाते. सहावी फेरी दुसऱ्या कोपऱ्यातून निघते आणि बरोबर उलट करते. आता कोणती वरून आणि कोणती खालून, हे तुमच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या पट्ट्या कोणत्या अंगाला पडल्या यावर ठरतं. म्हणून पाठ करण्यापेक्षा करून बघा. आडव्या जोड्यांच्या वरून आणि उभ्या जोड्यांच्या खालून अशा सहा-सात जोड्या ओवा आणि पट्टी मागेपुढे ओढा. ती छेदाच्या खाचेत जाऊन बसली आणि अलगद सरकली तर बरोबर. करकरली, अडली, जोड्यांना ओढून फाकवू लागली तर काढा आणि उलट करून बघा: उभ्यांच्या वरून, आडव्यांच्या खालून. दोन्ही प्रकारे अडत असेल तर टप्पा १० मध्ये परत जा, उत्तर तिथेच आहे.

गोल कड्यावर तिरक्या पट्ट्या भोकांत नीट मोजून पडत नाहीत. काही भोकांत दोन येतील, काही रिकामी जातील. पट्टी ज्या भोकाकडे सरळ रेषेत निघाली आहे त्यातच घाला. शेजारचं भोक मोकळं दिसतं म्हणून तिला वाकवू नका. काठाशी शेवटच्या एक-दोन छेदांत वर की खाली अशी शंका येते. तिथे ठेवलेला जुना तुकडा काढून बघा. एका बाजूला जे केलं ते समोरच्या बाजूला तसंच करा.

सहावी फेरी सर्वात हट्टी. स्पंज सतत फिरवत राहा, एका वेळी तीन-चारच जोड्या ओवा. भोकं आता भरत आलेली असतात. टोच्या वेतामधे न खुपसता भोकाच्या कडेनं घाला आणि फिरवून जागा करा. एखादी पट्टी तुटलीच तर ती ओळ पूर्ण काढून नवी घाला. मधेच जोड देता येत नाही.

टप्पा १२: काठ

बैठक एक रात्र वाळू द्या. दुसऱ्या दिवशी खालची शेपटं बांधून, कापून साफ करा.

काठाची रुंद पट्टी भिजवा. तिचं टोक मागच्या मध्याच्या भोकात घालून खुंटी मारा आणि पट्टी भोकांच्या ओळीवरून फिरवत न्या. विणीचा बारीक वेत एका भोकातून खालून वर येतो, काठाच्या पट्टीवरून जातो आणि त्याच भोकात परत खाली उतरतो, मग पुढच्या भोकाकडे. गोल कड्याला शक्यतो प्रत्येक भोकातून टाका घ्या. एक सोडून एक घेतलंत तर वळणावर पट्टी उचलून येते. शेवटी रुंद पट्टी सुरुवातीच्या टोकावर दोन-तीन भोकांपर्यंत चढवा, टाके दोन्ही थरांवरून घ्या, उरलेलं टोक भोकात दाबून खालून कापा.

खोबणीची खुर्ची असेल तर

जुनी खोबणपट्टी काढायची. तिच्या दोन्ही कडांना गरम पाणी सोडत राहा म्हणजे सरस मऊ होतो. मग अरुंद पटाशीनं उचला, लाकडाला धार लागू देऊ नका. तयार जाळी खोबणीच्या बाहेर चहूबाजूंनी किमान अडीच-तीन सें.मी. जाईल एवढी कापून अर्धा तास भिजवा. जाळीच्या आडव्या ओळी खुर्चीच्या पुढच्या बाजूला समांतर ठेवा आणि लाकडी पाचरीनं आधी मागे, मग पुढे, मग डावीकडे-उजवीकडे खोबणीत दाबा, नंतर मधले भाग. बाहेरचा वेत खोबणीच्या बाहेरच्या भिंतीला लागून, तोंडाच्या किंचित खाली कापा. हे कापणं पट्टी ठोकण्याआधी करायचं, नंतर नाही. मग खोबणीत गोंद, आणि भिजवलेली नवी पट्टी मागून सुरू करून लाकडी हातोडीनं. पट्टी खोबणीपेक्षा थोडी अरुंद हवी, कारण जाळीची जाडीही तिथेच मावायची असते.

भोकांच्या कड्यावर हीच जाळी टाकून वरून चुका आणि लाकडी पट्टी मारलेल्या खुर्च्या बाजारात भरपूर दिसतात. काही महिन्यांत जाळी चुकेपाशी फाटते, आणि चुकांनी भोकांची ओळ खराब होते ती वेगळीच.

वाळवणं आणि वापर

सावलीत, वाऱ्याला दोन दिवस. उन्हात ठेवली तर वरची साल आधी आखडते आणि चिरते. पावसाळ्यात चार दिवस धरा, आणि या काळात बैठक खालून उघडी राहू द्या. ओल कोंडली की बुरशीचे ठिपके येतात. वर व्हार्निशचा जाड थर देऊ नका. तो वेताबरोबर वाकत नाही, तडकतो.

बारीक लव राहिली असेल तर कात्रीनं खुडा. मेणबत्तीनं जाळण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण पॉलिश केलेल्या लाकडाशेजारी ज्योत कशाला न्यायची.

बसायला हरकत नाही, पण गुडघा टेकवून चढणं किंवा पंखा पुसायला तिच्यावर उभं राहणं नको. सगळा भार दोन-चार पट्ट्यांवर येतो. वर्ष-दोन वर्षांनी बैठक सैल वाटली तर खुर्ची उलटी करून खालच्या खरबरीत बाजूला ओलं फडकं १५ मिनिटं ठेवा आणि रात्रभर वाळू द्या, पट्ट्या पुन्हा आवळतात. वरून पाणी टाकून उपयोग नाही, चकचकीत साल ते आत जाऊ देत नाही.